लहान विद्युत मोटारीचा वेगनियामक
(इयत्ता सातवी व आठवीच्या विज्ञान-तासासाठी पाठ)

बोरी बुद्रुक हे कुकडीकाठचे गाव. येथील मुलास विद्युत मोटार ही नवलाची वस्तू नाही. विहिरीवर मोटार आहे, नदीकाठी मोटार आहे, पिठाच्या गिरणीत मोटार आहे. मोटार चालू करणे आणि बंद करणे हे त्याने कळू लागल्यापासून पाहिलेले असते. "मोटार जळाली" हे शब्दही त्याच्या कानांवरून अनेकदा गेलेले असतात. मोटार जळाली म्हणजे ऐन पाण्याच्या पाळीत पीक वाळते आणि नव्याने वेष्टन भरण्याचा खर्च घरावर येऊन पडतो, हे तो जाणतो. ती का जळते, हे मात्र त्यास सहसा कोणी सांगितलेले नसते.

प्रस्तुत पाठात विद्यार्थ्यांनी खेळण्यातील लहान मोटारीचा वेग कमी-अधिक करणारे साधन, म्हणजे वेगनियामक, स्वतःच्या हातांनी तयार करावयाचा आहे. तथापि साधन तयार झाले म्हणजे पाठ संपला, असे शिक्षकबंधूंनी व भगिनींनी समजू नये. मोटार रिकामी फिरत असताना तिचा वेग कमी करणे सोपे असते. तिच्यावर भार पडल्यावरही तो वेग टिकणे, ही नियामकाची खरी परीक्षा होय. हा एक विचार मुलांच्या मनात पक्का रुजला, तर मोटार का जळते हेही त्यांस समजेल आणि आपल्याच तालुक्यातील खोडद येथील प्रचंड तबकड्या आकाशातील ताऱ्याच्या मागोमाग कशा वळतात, हेही उमगेल.

साहित्य

दातेरी चाकांची पेटी जोडलेली, खेळण्यातील गाडीस लावतात ती ३ ते ६ व्होल्टची मोटार १; दीड व्होल्टचे नवे सेल ४ व त्यांची पेटी; मल्टिमीटर १; शेगडीची, वापरातून काढलेली १००० वॅटची सुटी तार; ५५५ क्रमांकाची टायमर आयसी १; टीआयपी १२२ हा ट्रान्झिस्टर १; १एन४१४८ हे लहान डायोड २; १एन४००७ हा डायोड १; १ लाख ओहमचा फिरता रोधक १; १००० ओहमचे रोधक २; ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर २, ०.०१ मायक्रोफॅरडचा १ व १०० मायक्रोफॅरडचा १; ब्रेडबोर्ड व जोडतारा. यांखेरीज रिकामे दोऱ्याचे रीळ, मजबूत दोरा, कापडाची लहान पिशवी व मूठभर खडे. हे सर्व सुटे भाग रेडिओ दुरुस्तीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात मिळतात.

सुरक्षिततेचा नियम प्रयोगापूर्वी फळ्यावर लिहावा आणि पाठ संपेपर्यंत पुसू नये: "हा प्रयोग केवळ सेलवर करावयाचा आहे. भिंतीतील प्लग, पंख्याचा नियामक आणि शेतातील स्टार्टर यांना हात लावावयाचा नाही." घरातील वीज २३० व्होल्टची असते आणि तीन फेजच्या पंपास मिळणारा दाब त्याहूनही अधिक असतो. ६ व्होल्टच्या सेलवर शिकलेली गोष्ट त्या दाबावर करून पाहण्याचा मोह हुशार मुलास अधिक होतो. म्हणून हा नियम हुशार मुलाकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा.

पहिला प्रयोग: अडवलेली मोटार

चार सेल एकापुढे एक जोडले म्हणजे ६ व्होल्टचा दाब मिळतो. त्यावर मोटार चालवावी आणि तिच्या मार्गात मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून प्रवाह मोजावा. तीन आकडे फळ्यावर लिहावयाचे: मोटार मोकळी फिरताना, दांडा बोटांनी हलकेच दाबला असताना आणि दांडा पूर्ण अडवला असताना. शेवटचे मापन दोन सेकंदांत उरकावे व लगेच सेल सोडवावेत.

मुलांची अपेक्षा बहुधा उलट असते. मोटार थांबली म्हणजे तिला वीज लागू नये, असे त्यांस वाटते. प्रत्यक्षात थांबलेली मोटारच सर्वांत अधिक प्रवाह ओढते. याचे कारण असे. मोटारीतील तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात फिरू लागले, की त्यात स्वतःचा एक विद्युत दाब निर्माण होतो. सायकलच्या डायनामोत होतो तोच हा प्रकार. हा दाब सेलच्या दाबाला विरोध करतो. मोटार जितकी वेगाने फिरेल तितका हा विरोधी दाब अधिक आणि सेलकडून येणारा प्रवाह तितका कमी. दांडा अडवला की विरोधी दाब शून्य होतो. मग प्रवाहास अडवणारा एकच उरतो, तो म्हणजे तारेचा स्वतःचा रोध, आणि तो फारच थोडा असतो.

गणित सोपे व्हावे म्हणून असे धरू, की मोटारीच्या तारेचा रोध २ ओहम आहे आणि मोकळी फिरताना ती ०.३ अँपिअर प्रवाह घेते. मग तारेत खर्च होणारा दाब २ × ०.३ = ०.६ व्होल्ट, उरलेला ५.४ व्होल्ट हा विरोधी दाब, म्हणजेच वेगाचे माप. दांडा अडवला तर प्रवाह ६ ÷ २ = ३ अँपिअर, म्हणजे दहापट. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ती दहापट नव्हे, शंभरपट होते. वर्गातील मोटारीचे आणि सेलचे आकडे यांहून निराळे येतील, पण प्रमाणाची दिशा हीच राहील.

येथे शिक्षकांनी शेतातील पंपाकडे वळावे. पंपाची मोटार प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी, निराळ्या रचनेची असते. तिचा हिशेबही काहीसा निराळा आहे. परंतु परिणाम असाच होतो. पंखा गाळाने अडकला, विजेचा दाब फार उतरला किंवा तीन फेजांपैकी एक फेज गेला, की मोटार मंदावते किंवा थांबते, वेष्टनातून नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रवाह वाहतो, वेष्टनाच्या तारेवरील इनॅमल जळते आणि मोटार निकामी होते. मंद फिरणारी मोटार विसावा घेत नसते, ती आतून भाजत असते. अशा वेळी स्टार्टर आपोआप पडतो, तो मोटार वाचवण्यासाठी. तो पुन्हा पुन्हा पडतो म्हणून त्याचा खटका बांधून ठेवणे म्हणजे मोटार जाळण्याची व्यवस्था करणे होय. हे वाक्य मुलांनी घरी जाऊन सांगावे.

दुसरा प्रयोग: रोधाने वेग कमी करणे

वेग कमी करण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे प्रवाहाच्या मार्गात रोध घालणे. छताच्या पंख्याचे जुने जड नियामक याच तत्त्वाचे होते आणि ते तापत असत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

शेगडीच्या तारेचा रोध विद्यार्थ्यांनीच काढावा. २३० व्होल्टवर १००० वॅट खर्च करणाऱ्या तारेचा रोध २३० × २३० ÷ १००० = सुमारे ५३ ओहम. म्हणजे तिचा सहावा भाग मार्गात घेतला, तर सुमारे ९ ओहमचा रोध मिळतो. तारेच्या एका टोकास सेल जोडावा, आणि मोटारीकडे जाणारी तार शेगडीच्या तारेवर पुढेमागे सरकवून मोटारीचा वेग कसा बदलतो ते पाहावे.

आता मोटारीच्या दांड्यावर रीळ बसवावे, त्यास दोरा बांधावा आणि दोऱ्याच्या टोकाशी खड्यांची पिशवी लावून ती टेबलाच्या कडेवरून खाली सोडावी. मोटार दोरा गुंडाळू लागली की पिशवी वर येते. ही आपली लहानशी मोट. जमिनीपासून टेबलापर्यंत पिशवी येण्यास किती सेकंद लागतात ते एका मुलाने घड्याळावर मोजावे. प्रथम पिशवीत थोडे खडे ठेवावेत आणि तार सरकवून मोटारीचा वेग निम्मा करावा. मग तार न हलवता खडे वाढवीत न्यावेत. लवकरच अशी वेळ येते की पिशवी मध्येच लटकून राहते. तेवढीच पिशवी तार मध्ये न घेता थेट सेलवर मात्र सहज वर येते.

असे का होते, हे वरील आकड्यांनीच दाखवता येते. निम्म्या वेगास विरोधी दाब ५.४ च्या निम्मा, म्हणजे २.७ व्होल्ट. ०.३ अँपिअर प्रवाहास मोटारीच्या तारेत ०.६ व्होल्ट लागतात. उरलेले ६ − २.७ − ०.६ = २.७ व्होल्ट बाहेरच्या ९ ओहमच्या रोधात खर्च होतात. आता भार दुप्पट झाला, म्हणजे तो पेलण्यास ०.६ अँपिअर प्रवाह हवा. पण मोटार पूर्ण थांबली तरी या मार्गाने येऊ शकणारा प्रवाह ६ ÷ (९ + २) = ०.५४ अँपिअरच. जेवढा हवा तेवढा येऊच शकत नाही. म्हणून मोटार थांबते. वेग कमी करण्यासाठी आपण जो रोध घातला, त्यानेच मोटारीचे बळ हिरावून घेतले. शिवाय सेलमधील जवळजवळ निम्मी शक्ती त्या रोधात उष्णतेच्या रूपाने वाया गेली.

तिसरा प्रयोग: थांबत-थांबत प्रवाह देणे

मुलांनी कुंभाराचे चाक पाहिलेले असल्यास हा भाग त्यांस चटकन कळतो. पारंपरिक चाकावर काम करणारा कुंभार चाकास सतत ढकलीत बसत नाही. काठीने ते जोरात फिरवतो, मग काठी काढून घेतो आणि चाक आपल्या जडत्वाने फिरत राहते. वेग उतरला की पुन्हा काठी लावतो. प्रत्येक वेळी जोर पुरा असतो. कमी-अधिक होतो तो फक्त काठी लावण्याचा वेळ.

मोटार थेट सेलला जोडून मध्ये एक दाबकळ ठेवावी. विद्यार्थ्याने ती भरभर दाबावी आणि सोडावी. दाबण्याचा वेळ अधिक व सोडण्याचा कमी ठेवला, तर मोटार वेगाने फिरते. उलट केले तर मंद फिरते. हात जेवढा जलद चालेल तेवढे फिरणे एकसारखे होते. हाताने सेकंदाला चार-पाच वेळांपलीकडे जाता येत नाही, म्हणून मोटार गचके देते. हेच काम सेकंदाला शंभराहून अधिक वेळा करणारा हात आपणांस हवा आहे. तो हात म्हणजे ५५५ क्रमांकाची आयसी. हॅन्स कॅमेन्झिंड या अभियंत्याने १९७१ मध्ये तिची रचना केली. १९७२ पासून ती बाजारात आली आणि आजही ती स्वस्त व सर्वत्र मिळणारी आहे.

मंडलाची जोडणी

आयसीच्या एका कडेस खाच असते. खाच वरच्या बाजूस ठेवली, की डाव्या बाजूस वरून खाली १ ते ४ आणि उजव्या बाजूस खालून वर ५ ते ८ असे पाय येतात. जोडणी पुढील क्रमाने करावी व प्रत्येक टप्पा एका विद्यार्थ्याने करून दुसऱ्याने तपासावा. सेल सर्वांत शेवटी जोडावेत.

(१) पाय १ सेलच्या ऋण टोकास. पाय ८ व पाय ४ धन टोकास.
(२) पाय २ व पाय ६ एकमेकांस जोडावेत आणि तेथून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋण टोकास न्यावा.
(३) धन टोक व पाय ७ यांच्यामध्ये १००० ओहमचा रोधक.
(४) फिरत्या रोधकाचा मधला पाय आयसीच्या पाय ७ ला.
(५) फिरत्या रोधकाच्या दोन बाजूंच्या पायांपासून एकेक लहान डायोड पाय २ व ६ यांच्या जोडाकडे न्यावा. एका डायोडचा पट्टा जोडाकडे, दुसऱ्याचा पट्टा रोधकाकडे असावा.
(६) पाय ५ पासून ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ऋण टोकास.
(७) पाय ३ पासून १००० ओहमचा रोधक ट्रान्झिस्टरच्या बेसला. ट्रान्झिस्टरवरील अक्षरे आपल्याकडे ठेवली असता डावीकडून बेस, कलेक्टर व एमिटर असे पाय येतात. एमिटर ऋण टोकास जोडावा.
(८) मोटारीची एक तार धन टोकास व दुसरी कलेक्टरला.
(९) १एन४००७ हा डायोड मोटारीच्या दोन टोकांवर आडवा. त्याचा पट्टा धन टोकाकडे.
(१०) १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेलच्या दोन टोकांवर, खुणेप्रमाणे धन-ऋण पाहून.

मंडलाचे कार्य असे चालते. कपॅसिटर ही लहान टाकी समजावी. ती फिरत्या रोधकाच्या एका बाजूने भरते व दुसऱ्या बाजूने रिकामी होते. ती भरत असेपर्यंत पाय ३ वर दाब असतो व ट्रान्झिस्टर मोटारीस प्रवाह देतो. रिकामी होत असताना प्रवाह बंद. रोधकाची खुंटी फिरवली की एका बाजूचा रोध जितका वाढतो तितकाच दुसऱ्या बाजूचा घटतो. म्हणून चालू-बंदची एक फेरी तेवढ्याच वेळात होते, बदलते ती तिच्यातील वाटणी. फेरीचा वेळ सुमारे ०.७ × १,०१,००० ओहम × ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे ०.००७ सेकंद येतो. अर्थात सेकंदाला सुमारे १४० फेऱ्या होतात. मोटारीतून येणारी गुणगुण ती हीच.

ट्रान्झिस्टर एक तर पुरता उघडा असतो, नाही तर पुरता बंद. बंद असताना त्यातून प्रवाह नाही. उघडा असताना त्यावर दाब थोडा. म्हणून दोन्ही वेळी त्यात उष्णता अल्प होते, आणि रोधात वाया जाणारी शक्ती येथे वाचते.

मोटारीवर आडव्या लावलेल्या डायोडचे प्रयोजन मुलांस अवश्य सांगावे. पंपाच्या लांब नळीतून पाणी जोरात वाहत असताना झडप एकदम मिटली, तर नळीस केवढा धक्का बसतो, हे शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक असते. वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला असता असाच दाबाचा धक्का उत्पन्न होतो आणि तो ट्रान्झिस्टर निकामी करू शकतो. डायोड त्या प्रवाहास वळसा घालून मोटारीतच फिरण्याची वाट देतो. त्यामुळे ट्रान्झिस्टर वाचतो आणि बंद काळातही मोटारीस थोडे बळ मिळत राहते.

दोष शोधताना पुढील क्रम ठेवावा. मोटार मुळीच फिरत नसेल, तर ती प्रथम थेट सेलवर चालवून पाहावी आणि मग आयसीच्या पाय १ व ८ मध्ये दाब आहे काय ते मोजावे. खुंटी फिरवूनही वेग बदलत नसेल, तर दोन्ही लहान डायोड एकाच दिशेला लागले आहेत काय ते पाहावे. सेल जोडताच मोठा डायोड तापू लागला, तर तो उलटा लागला आहे. सेल तत्काळ काढावेत. खुंटी अगदी खालच्या टोकास असताना मोटार नुसती गुणगुणते व फिरत नाही, हा मात्र दोष नव्हे. थांबलेले चाक हलवण्यास अधिक जोर लागतो, एवढेच त्याचे कारण.

दोन्ही रीतींची तुलना

आता पिशवीचा प्रयोग नव्या नियामकावर पुन्हा करावा. पिशवीत पूर्वीइतकेच थोडे खडे ठेवून वेग निम्मा करावा, वेळ मोजावा, मग खडे वाढवावेत. रोधाच्या मार्गात जी पिशवी लटकून राहिली होती, ती या वेळी काहीशी मंद गतीने का होईना, वर येते.

फळ्यावरील हिशेब पुढे चालवावा. ट्रान्झिस्टर व डायोड यांत खर्च होणारा थोडा दाब सोडून देऊ. शंभरातील ५५ भाग वेळ प्रवाह चालू ठेवला, तर मोटारीस मिळणारा सरासरी दाब ६ × ०.५५ = ३.३ व्होल्ट. ०.३ अँपिअर प्रवाह असताना विरोधी दाब ३.३ − ०.६ = २.७ व्होल्ट, हा आपला निम्मा वेग. भार दुप्पट होऊन प्रवाह ०.६ अँपिअर झाला, तर विरोधी दाब ३.३ − १.२ = २.१ व्होल्ट. वेग २.७ वरून २.१ वर आला, म्हणजे सुमारे पावपट घटला. पण मोटार थांबली नाही. रोधाच्या रीतीत तीच मोटार त्याच भाराखाली उभी राहिली होती. रिकामी फिरताना मात्र दोन्ही रीतींत काही भेद दिसत नव्हता. तो भार पडल्यावरच दिसला.

वेग राखणे आणि खोडदच्या तबकड्या

चौकस विद्यार्थी येथे विचारील, की वेग थांबला नाही हे खरे, पण घटला तर खराच. तो मुळीच घटू नये यासाठी काय करावे? उत्तर शिक्षकांनी सांगू नये, करवून घ्यावे. एका मुलाने पिशवीकडे पाहावे व ती मंदावताच "मंद" असे म्हणावे. दुसऱ्याने खुंटी फिरवावी. पिशवी फार जोरात येऊ लागली तर पहिल्याने "जलद" म्हणावे. थोड्या सरावाने दोघे मिळून पिशवी एकसारख्या गतीने वर आणतात. पाहणे, अपेक्षेशी ताडणे आणि दुरुस्त करणे ही तीन कामे झाली, म्हणजे वेग राखला जातो. ऑइल इंजिनावरचा गव्हर्नर हीच कामे यंत्राने करतो: वेग वाढला की इंधन कमी, घटला की अधिक.

या तत्त्वाचे थोर उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने खोडद परिसरात उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी असून १६ तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येक तबकडी दोन प्रकारे वळते: सपाट दिशेने गोल आणि खालून वर. ही वळणे विद्युत मोटारींनी होतात.

एका स्थानाकडून दुसरीकडे वळताना तबकडी सपाट दिशेने मिनिटाला ३० अंशांपर्यंत जाऊ शकते. पण एखाद्या ताऱ्याचा पाठलाग करताना? पृथ्वी २४ तासांत एक फेरी घेते. म्हणून आकाश ताशी सुमारे १५ अंश सरकताना दिसते, म्हणजे मिनिटाला पाव अंश. वस्तू आकाशात कोठे आहे त्यानुसार हा आकडा कमी-अधिक होतो, पण अंदाजासाठी पुरे. ३० अंश आणि पाव अंश, एकास एकशेवीस! तीच मोटार, तीच तबकडी, आणि एवढ्या मंद गतीतही गचका चालत नाही. वर वाऱ्याचा भार क्षणोक्षणी बदलतो. वेग नुसता कमी करून येथे भागत नाही. तबकडी प्रत्यक्ष कोठे आहे हे सतत मोजले जाते, ती जेथे असावयास हवी त्या स्थानाशी ताडले जाते आणि जो फरक येईल त्यानुसार मोटारीस दिला जाणारा प्रवाह बदलला जातो. वारा मर्यादेपलीकडे वाढला, की तबकड्यांचे तोंड सरळ आकाशाकडे करून त्या स्थिर ठेवतात. "मंद", "जलद" म्हणणारा मुलगा आणि खुंटी फिरवणारा मुलगा यांचेच हे मोठे रूप, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

शेतातील सौर पंपाच्या खांबावर जी पेटी असते तिचाही येथे उल्लेख करावा. प्रत्यावर्ती मोटारीचा वेग प्रामुख्याने विजेच्या आवर्तनसंख्येवर ठरतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. म्हणून विहिरीवरचा पंप एकाच ठरावीक वेगाने फिरतो आणि केवळ दाब उतरवून त्याचा वेग सुखरूप कमी करता येत नाही. प्रत्यावर्ती मोटार असलेल्या सौर पंपाची पेटी ऊन असेल त्याप्रमाणे दाब व आवर्तनसंख्या दोन्ही एकत्र बदलते; म्हणून ढग आला की पंप मंदावतो, पण जळत नाही.

मोटारीचा गोंगाट

शेवटचा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. मध्यमलहरी लागणारा रेडिओ असल्यास तो दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून चालू मोटारीजवळ न्यावा. खरखर ऐकू येते. मोटारीच्या आत ब्रश व तांब्याच्या पट्ट्या यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडतात, त्या रेडिओलहरी फेकतात, आणि आपल्या नियामकाचे चालू-बंद त्यात भर घालते. मोटारीच्या दोन टोकांवर, अगदी तिच्या अंगाशी, उरलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा आणि तारा आखूड ठेवाव्यात; खरखर किती उतरते ते ऐकावे.

खोडदची दुर्बीण अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी ऐकते. या भागात मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी होता, हे ही जागा निवडण्याच्या कारणांपैकी एक होते. म्हणून या पंचक्रोशीतील विद्यार्थ्याने यंत्र बनवताना ते चालते की नाही एवढेच न पाहता, ते शेजाऱ्यास उपद्रव देते काय, हेही पाहण्याची सवय लावून घ्यावी.

उजळणीचे प्रश्न

१. अडवलेली मोटार अधिक प्रवाह का घेते? २. स्टार्टर पुन्हा पुन्हा पडत असेल तर घरी काय सांगाल व काय करू देणार नाही? ३. मोटारीच्या तारेचा रोध ३ ओहम, सेलचा दाब ६ व्होल्ट व मोकळा प्रवाह ०.२ अँपिअर असेल, तर विरोधी दाब किती? ४. रोधाचा नियामक रिकाम्या मोटारीवर चांगला दिसतो आणि भाराखाली फसतो, हे आकड्यांनी दाखवा. ५. मोटारीवरील डायोड काढून टाकला तर काय होईल? (करून पाहू नये, विचार करून लिहावे.)

स्वाध्याय म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने पिशवीतील खडे व लागलेले सेकंद यांचा आलेख दोन्ही रीतींसाठी एकाच कागदावर काढावा. दोन रेषा कोठे वेगळ्या होऊ लागतात, तेथे बोट ठेवून कारण सांगता आले तर पाठ समजला असे मानावे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी केलेल्या शोधाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान दिनास खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे आणि आसपासच्या शाळांचे विद्यार्थी तेथे आपले प्रयोग मांडत आले आहेत. हा नियामक तेथे न्यावयाचा असल्यास मोटार नुसती फिरवून दाखवू नये. खड्यांची पिशवी, शेगडीची तार आणि आलेखाचा कागद ही तिन्ही सोबत न्यावीत आणि पाहणाऱ्याच्या हातूनच पिशवीत खडे टाकवावेत.